खांब नसलेलं वळण : खो-खोतून स्कीवर आलेल्या एका खेळाडूचा प्रकरण अभ्यास

तक्रार एका वाक्याची होती. लांब वळणं जमतात, छोटी घ्यायला गेलं की स्की मागून सुटते.

खेळाडू नाशिकची. वय २७, उंची १६३ सेंटिमीटर, वजन ५८ किलो, नोकरी अंबड एमआयडीसीत. शाळेपासून कॉलेजपर्यंत खो-खो, आणि त्यातही आक्रमणात खांब सांभाळणारी. स्कीचा अनुभव दोन हिवाळ्यांत मिळून २८ दिवस, सगळा गुलमर्गचा. मध्यम उतारावर न पडता, ठरवलेल्या जागी थांबत ती उतरू शकत होती. तिला हवी होती ती छोटी, रेषा कापत जाणारी वळणं, ज्यांना स्कीवाले कार्व्हिंग म्हणतात. हाताशी वेळ होता नाशिकमधले आठ आठवडे आणि बर्फावरचे दहा दिवस.

कार्व्हिंगची खूण बर्फावरच उमटते. स्कीचं टोक ज्या रेषेवरून गेलं, तिच्यावरूनच शेपूट गेलं तर मागे बारीक, कापल्यासारखी ओळ राहते. शेपूट बाहेर घसरलं तर ओळीच्या जागी झाडू फिरवल्यासारखा पट्टा दिसतो. वळण कुठे बिघडलं हेही त्यातूनच कळतं. पट्टा वळणाच्या सुरुवातीला असेल तर पाय पिळून स्की फिरवली गेली. शेवटच्या तिसऱ्या भागात असेल तर वजन आत किंवा मागे गेलं. या खेळाडूच्या आधीच्या हिवाळ्यातल्या व्हिडिओंत आणि ठशांच्या फोटोंत दोन्ही होतं. सुरुवातीला टाचा ढकलल्या जात होत्या आणि शेवटी शेपूट सुटत होतं. ही दोन वेगळी दुखणी होती आणि त्यांची कारणंही वेगळी निघाली.

पहिलं कारण: स्कीचं गणित

भाड्याने मिळालेली स्की १७२ सेंटिमीटर लांब होती आणि तिच्यावर १७ मीटर त्रिज्या छापलेली होती. स्कीची बाजू सरळ नसते, कमरेत बारीक असते. तिरकी करून दाबली की ती वाकते आणि कमान कापत जाते. ढोबळ सूत्र असं की, कापल्या जाणाऱ्या वळणाची त्रिज्या म्हणजे छापील त्रिज्या गुणिले तिरकेपणाच्या कोनाचं कोसाइन. १७ मीटरची स्की ३० अंश तिरकी केली तर वळण साधारण १४.७ मीटर त्रिज्येचं होतं. साडेआठ मीटरचं वळण काढायला तीच स्की ६० अंश झुकवावी लागेल.

तिला जावं लागत होतं पाच मीटर रुंदीच्या पट्ट्यातून, कारण बाजूने नवशिके आणि स्लेज ओढणारे चालू असायचे. दिशा उताराच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत नेली, तर पाच मीटरच्या पट्ट्यात साडेआठ मीटर त्रिज्येची वळणं बसतात आणि प्रत्येक वळणाला उतारावरून सुमारे १२ मीटर खाली जाणं होतं. (स्पर्धेच्या स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांमधून छोटी वळणं घेत उतरायच्या शर्यतीत, दोन वळणखांबांतलं अंतर ६ ते १३ मीटर ठेवतात, म्हणजे ही मागणी काही लहान नव्हती.) ताशी २५ किलोमीटर वेगाला १७ मीटरच्या स्कीवर हे शक्यच नाही. मग टाचा ढकलून स्की फिरवण्यावाचून काय उरतं? या दुखण्यापुरती खेळाडू निर्दोष होती. तरीही दोन वर्षं तिला ‘पाय पिळू नकोस’ हेच ऐकावं लागलं होतं.

तिसऱ्या हिवाळ्यासाठी १५५ सेंटिमीटर लांब, १२ मीटर त्रिज्येची स्की ठरवली. ती ४५ अंश तिरकी केली की नेमकं साडेआठ मीटरचं वळण कापते.

दुसरं कारण: हात धरायला खांब नाही

खो-खोत खांबावर वळताना आक्रमक वेग कमी करत नाही. हाताने खांब धरायचा, अख्खं शरीर आत झोकायचं आणि पायांनी कडेकडेने फिरून बाहेर पडायचं. खांदा आत, डोकं आत, कंबर सरळ. तिथे हे बरोबरच आहे, कारण आत पडणाऱ्या शरीराला खांब धरून ठेवतो. दहा-बारा वर्षं रोज हेच केलेलं शरीर स्कीवरही तेच करतं.

आता आकडे बघा. ताशी २५ किलोमीटर वेगाने साडेआठ मीटरच्या वळणात तोल सांभाळायला शरीर साधारण ३० अंश झुकवता येतं. त्याहून जास्त झुकाल तर आत पडाल. स्कीला मात्र ४५ अंश हवे आहेत. मधले १५ अंश कुठून आणायचे? खो-खोत खांब देतो. बर्फावर ते कमरेतून आणि थोडे गुडघ्यातून आणावे लागतात: पाय आत झुकतात, धड मात्र उभं राहून बाहेरच्या स्कीच्या वर येतं. बाहेरच्या कुशीत घडी पडते. कसलेले स्कीवाले वळताना कमरेत मोडल्यासारखे दिसतात ते यामुळे.

ही खेळाडू ४५ अंश गाठायला सगळं शरीर झुकवत होती. वजन आतल्या स्कीवर जायचं, बाहेरची हलकी व्हायची, आणि वळणाच्या शेवटी उताराची ओढ आणि वळणाचा रेटा एकत्र आले की हलक्या स्कीचं शेपूट सुटायचं. ते सावरायला ती खांदे वळणाच्या दिशेने फिरवायची, त्याने कंबर फिरायची आणि शेपटाला आणखी धक्का बसायचा. व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला तर क्रम स्पष्ट दिसतो: आधी आतला खांदा पडतो, मग आतल्या पायावर भार, मग घसरण. तिचं सगळं लक्ष या तिसऱ्या गोष्टीवर असायचं.

बूट

तिसरं कारण कुणी पाहिलंच नव्हतं. भाड्याचा बूट एक नंबर मोठा होता आणि थंडीच्या भीतीने ती आत दोन जाड मोजे घालायची. तपासणी सोपी आहे. आतलं मऊ अस्तर काढून नुसत्या कवचात अनवाणी पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते बोटांनी मोजायचं. एक ते दीड सेंटिमीटर असेल तर बूट नीट बसतो. दोनपर्यंत चालतं. इथे तीन भरली. म्हणजे घोटा झुकवला की पाय आधी बुटात हलणार, मग बूट हलणार आणि मग स्की. छोट्या वळणात स्कीच्या एका कडेवरून दुसरीवर जायला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ मिळतो. तो सगळा ढिलाईत जात होता.

२४.५ मापाचा, मध्यम कडकपणाचा बूट आणि एकच पातळ मोजा हा उपाय. बूट नाशिकलाच आणला, घरात रोज वीस मिनिटं घालून नडगी बुटाच्या जिभेवर, म्हणजे पुढच्या पट्टीवर, दाबायची सवय केली. इथे एक सावधगिरी. नाशिकच्या २८-३० अंशांत प्लास्टिक मऊ असतं, म्हणून बूट छान वाकतो असं वाटतं. शून्याखाली तोच बूट लाकडासारखा होतो. घरी थोडा जास्तच मऊ वाटणारा बूट गुलमर्गला बरोबर निघतो.

नाशिकमधले आठ आठवडे

पहिले दोन आठवडे चाकांचे स्केट नाहीत, फक्त दोरी. खांब पुन्हा आणला, पण हाताला नाही, कमरेला. ट्रेकिंगची रुंद पट्टी कमरेभोवती, हाडाच्या उंचीवर, तिला अडीच मीटर दोर आणि दोराचं दुसरं टोक बॅगा मोजायच्या हुकाच्या काट्यातून खांबाला. डावं वळण करायचं तर खांब उजवीकडे. खेळाडू डावीकडे झुकते, उजवा पाय लांब, डावा गुडघ्यात वाकलेला, दोन्ही हात पुढे. ५८ किलोंच्या शरीराला १५ अंश झुकायला सुमारे साडेपंधरा किलोंची ओढ लागते. काटा १५-१६ दाखवत असताना दहा सेकंद थांबायचं, मग बाजू बदलायची. दोन्हीकडे आठ-आठ वेळा. बुटांचे तळवे घसरू नयेत म्हणून हे खरबरीत काँक्रीटवर. फरशीवर केलं तर पहिल्याच मिनिटाला आपटणार.

ओढ कमरेला असल्यामुळे खांदा आत टाकला की बाहेरच्या पायाच्या अंगठ्याखालचा दाब लगेच हरवतो. हे तिला स्वतःला जाणवलं, सांगावं लागलं नाही. सूचना एकच ठेवली: बाहेरच्या हातात भरलेली कळशी आहे. कळशी धरणारा माणूस आपोआप कमरेत घडी घालतो आणि तो खांदा खाली ठेवतो. ‘अँग्युलेशन’ (या घडीचं स्कीतलं नाव) म्हणून समजावायला गेलं तर माणूस विचारात पडतो, कळशी म्हटलं की शरीर ते करून टाकतं.

शिवाय आठवड्यातून तीनदा पांडवलेणीच्या पायऱ्या. चढायचं साधं, उतरताना मात्र दर पायरीवर तीन मोजत हळू. मांडीचा स्नायू लांबत असताना भार धरतो, स्कीवरही तेच. दुखणं ओसरायला काही दिवस लागतात, म्हणून रोज नको.

तिसऱ्या आठवड्यापासून इनलाइन स्केट, ८० मिलिमीटरची चार चाकं. जागा मखमलाबादच्या बाजूला, प्लॉट पाडलेत पण घरं व्हायची आहेत अशा लेआउटचा डांबरी रस्ता, उतार शंभर मीटरला तीन मीटर. सकाळी साडेसातनंतरच, कारण डिसेंबरात दव असतं आणि ओल्या डांबरावर चाक सुटतं. आधी झाडू मारायचा. एक खडा पुरतो. हेल्मेट, मनगट, कोपर, गुडघे सगळं बांधून.

खुणा फक्कीच्या: दर पाच मीटरवर एक, दोन मीटरच्या पट्ट्यात आलटून पालटून डावी-उजवी. ताशी १५ किलोमीटर वेगाने यातून साडेतीन मीटर त्रिज्येची वळणं होतात आणि तोलाचा झुकाव येतो सुमारे २७ अंश, बर्फावरच्या ३० च्या अगदी जवळ. स्केट निवडण्याचं खरं कारण हेच. दुसरं म्हणजे चाक बाजूला घसरत नाही, त्यामुळे टाच ढकलायची सोय राहत नाही. झुकवाल तरच वळाल.

दोन्ही हातांत एकेक लिटरची पाण्याची बाटली. व्हिडिओ घेणारी मैत्रीण खालच्या टोकाला उभी राहून एवढंच ओरडायची, “ताई, कळशी!” पाचव्या आठवड्यात धड उताराकडे तोंड करून राहू लागलं आणि पाय खुब्याच्या खोबणीत वळू लागले. छोट्या वळणाचा गाभा हाच: खाली पाय डावीकडे-उजवीकडे जातात, वर छाती थेट उताराकडे. दोहोंमध्ये जी पिळ बसते, कड सोडताक्षणी ती उलगडते आणि पुढचं वळण फुकटात सुरू करून देते.

स्केटची मर्यादाही मोठी आहे. पाया आखूड, त्यामुळे पुढे झुकायची भीती वाटते आणि माणूस थोडा मागेच राहतो. ही सवय बर्फावर महाग पडते, आणि पडलीच.

गुलमर्गचे दहा दिवस

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर, नाशिक सहाशेच्याही खाली. पहिला दिवस बर्फावर काहीच नाही, फक्त कडा. भाड्याच्या स्कीच्या कडांना गंज होता. नख कडेवरून आडवं ओढल्यावर नखाची भुकटी निघायला हवी, इथे नख नुसतं घसरलं. ८८ अंशांचा गाइड लावून बाजूची कड कानसली, टोकाकडून शेपटाकडे एकाच दिशेने, शेवटी डायमंड दगडाने बर (कानसल्यावर उरणारी धातूची बारीक किनार) काढली. वर्कशॉपच्या माणसाला यात शिकण्यासारखं काही नाही, फक्त तळाच्या बाजूला हात लावायचा नाही. बाइंडिंगचा (बूट स्कीला अडकवणाऱ्या खटक्याचा) आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करणाऱ्याच्या पातळीवरून तंत्रज्ञाकडून लावून घेतला. हे अंदाजाने करायचं काम नव्हे.

दुसऱ्या दिवशी गोल्फच्या मैदानावर. (नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेट, गुलमर्गच्या गोल्फ मैदानावर हिवाळ्यात नवशिक्यांची स्की. गोल्फवाल्यांचं नशीबच तसं.) पाच-सहा अंशांच्या उतारावर सरळ सोडून फक्त घोटे झुकवायचे, डावीकडे, मग उजवीकडे. स्की रुळांसारख्या समांतर दोन ओळी काढत जाते. पाय फिरवायचा नाही, वाट बघायची. ती वाट बघणंच अवघड असतं. बारा उतरणींत आठव्यापासून ओळी स्वच्छ आल्या. नाशिकची फक्की इथे अर्थातच निरुपयोगी, खुणांना गुलाल नेला होता.

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी ताजा बर्फ, गुडघ्यापर्यंत. यात कार्व्हिंग होत नाही, कडेला धरायला दाबलेला बर्फ लागतो. ते दोन दिवस पाय पोटाशी ओढायच्या सरावाला दिले. छोट्या वळणात एका कडेवरून दुसरीवर जायचे दोन मार्ग आहेत. एक, वर उठून वजन हलकं करायचं. हे सगळे आधी शिकतात, पण उठण्यात वेळ जातो आणि नवी कड उशिरा लागते. दुसरा, गुडघे वाकवून पाय अंगाखालून पलीकडे जाऊ द्यायचे, डोकं एकाच उंचीवर ठेवायचं. मऊ बर्फात उडी मारून चालत नाही, म्हणून हा दुसरा मार्ग तिथे लवकर पटतो. चौथ्या दिवशी ती मागे बसली आणि पडली. ढुंगण गुडघ्यांखाली गेलं असताना उठून सावरायचा प्रयत्न करू नये, आतल्या कडेवर अडकलेलं शेपूट गुडघ्याचा लिगामेंट तोडू शकतं. हे आधी सांगितलेलं होतं. तिने पडणं स्वीकारलं, काही झालं नाही.

मागे बसण्याचं मूळ स्केटमध्ये होतं. उपाय म्हणून प्रत्येक वळणाच्या सुरुवातीला बाहेरच्या पायाची नडगी बुटाच्या जिभेवर आहे का, एवढंच मोठ्याने म्हणायचं: ‘नडगी’. वळण पुढे सरकेल तसा दाब पायाच्या मधोमध येतो, तो येऊ द्यावा. शेवटपर्यंत पुढेच दाबून ठेवलं तरी शेपूट हलकं होऊन सुटतं. हे थोडं विरोधाभासी वाटतं, पण ठशात दिसतं.

पाचव्या दिवसापासून बर्फ दाबलेला आणि कडक, सकाळी उत्तम. सुमारे १२ अंशांचा उतार घेऊन आधी मोठी वळणं, मग पट्टा आठ मीटर, सात, सहा असा आवळत नेला. आतल्या स्कीचं शेपूट किंचित उचलून वळण पूर्ण करणं हा सर्वांत उपयोगी सराव ठरला. वजन आत गेलेलं असेल तर ती स्की उचलताच येत नाही. खोटं बोलायची सोयच नाही. पोलचं (हातातल्या काठीचं) टोक कड बदलायच्या क्षणी फक्त मनगटाने टेकवायचं. हात पुढे गेला तर खांदा फिरतो आणि सगळी मेहनत वाया. सलग सहा उतरणी झाल्या की थांबायचं. सातवीपासून मांडी थकते आणि थकलेली मांडी मागे बसते.

सातव्या दिवशी पाच मीटरच्या पट्ट्यात आठ वळणं सलग जमली, प्रत्येकी दोन सेकंदांच्या आत. डावी वळणं चार बोटं रुंदीच्या ओळीची. उजव्या वळणांत बाहेरच्या, म्हणजे डाव्या स्कीचं शेपूट शेवटच्या दीड मीटरमध्ये अजून सुटत होतं.

आठव्या दिवशी डावी-उजवी स्की बदलून पाहिली. दोष स्कीच्या कडेत असेल तर तो बाजू बदलेल असा हिशेब. पण यात एक मेख आहे. आतली कड नेहमी जास्त झिजते, त्यामुळे अदलाबदल केली की दोन्ही पायांना कमी झिजलेल्या कडा मिळतात आणि सगळंच थोडं सुधारतं. झालंही तसंच. डाव्या वळणांची ओळ तीन बोटांवर आली, उजव्यांचा पट्टा अर्धा झाला, पण गेला नाही, आणि डावीकडेही गेला नाही. म्हणजे उरलेला दोष शरीराचा.

दहाव्या दिवसाचा व्हिडिओ समोरून घेतला होता. डाव्या वळणांत दोन्ही हात पुढे, एका पातळीत. प्रत्येक उजव्या वळणाच्या शेवटी उजवा हात पोलसकट अंगापासून दूर जातो, कोपर सरळ, मूठ कमरेच्या उंचीवर. शाळेच्या मैदानावर ती खांब नेहमी उजव्या हातानेच धरायची.